पांढरं नको

९ फेब्रुवारी

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं पार्सल काल दुपारी पोचलं. उघडून, मोजून घेतलं ते असं: गांडूळखत एक पिशवी, पेंड एक पुडा, मिरचीचं आणि वांग्याचं बी एकेक पाकीट, हातमोज्यांचा जोड एक. खताचे तू एकशे वीस लावलेस, पेंडीचे पंचेचाळीस, बियांचे तीस. टपाल हशील साठ. हातमोज्यांचे काही लावले नाहीस, तेही लिहून पाठव. वहीत आकडा राहून गेला की मला जेवण जात नाही, हे तुला ठाऊक आहे. वर आणून देणाऱ्याने दहा मागितले, मी पाच आणि पेलाभर सरबत दिलं. ह्यांनी खोकं हातात धरूनच वजन सांगितलं आणि मग वरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं. पोस्टातली नोकरी सुटली, पण हातातला तराजू सुटलेला नाही. फरक निघाला नाही म्हणून दिवसभर खुशीत होते.

आता मुद्द्याचं. गच्चीवरच्या बाकीच्या कुंड्या ठीक आहेत, पण मेस्त्रीची लिंबोणी बरी नाही. पानं पिवळी पडतायत, शिरा तेवढ्या हिरव्या. नवी फूट नाही. पाणी घातलं की वरच साचून राहतं, तळ्यासारखं, आणि बऱ्याच वेळाने खाली उतरतं. माती हाताला विटेसारखी लागते. हे म्हणतात वाळू मिसळू. समोरच्या बांधकामावरून एक घमेलं मागूनही आणलंय, ते जिन्यात पडून आहे.

मेस्त्रीने स्वतः पिंप कापून, भोकं पाडून लावलेलं झाड आहे. लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून आपण पोराला मेस्त्री म्हणायला लागलो; कामावरून वंगणाचे हात घेऊन यायचा आणि चहाच्या आधी गच्चीवर जायचा. ह्या घरात त्याच्या हातचं जिवंत असं आता तेवढंच राहिलंय. ते गेलं तर मला पुन्हा तेच सगळं पाहावं लागेल. तू रोपवाटिकेत आहेस, तुझे साहेब जाणकार आहेत. माती न उकरता, वरच्यावर काही घालून भागेल असं काही सुचव.

फोनवर हे शेजारी बसून माझी वाक्यं पुरी करतात, म्हणून पत्र लिहिते आहे. तुझ्या ताईच्या घरी नीट जेवतेस ना?

तुझी,
आई

१६ फेब्रुवारी

ती. आईंना सा. नमस्कार.

हातमोजे भेट आहेत. वहीत भेटीचा रकाना नसेल तर आखून घ्या.

पत्र वाचून आधी एक विचारते, रागावू नका. लिंबोणीला तुम्ही रोज पाणी घालता ना? पूजा झाली की तांब्या भरून वर, माती ओली असो की कोरडी. मी तिथे होते तेव्हाही घालायचात आणि आमचे हे तुमच्या पाठीमागे पिंपाखाली वीट सरकवून ते तिरकं करायचे, जादा पाणी निघून जावं म्हणून. स्वतःच्या आईला बोलायची त्यांची छाती नव्हती, म्हणून मी बोलते आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. रोजच्या पाण्याने माती दबत जाते, मधल्या पोकळ्या बुजतात आणि मुळं पाण्यात बसून गुदमरतात. पिवळी पानं त्याचीच.

बाबांना सांगा, वाळू जिन्यातच राहू द्या. बारीक वाळू उरलेल्या पोकळ्याही बुजवते. तळाला खडे घालण्याचाही उपयोग नाही. जे घालायचं ते सगळ्या मातीत मिसळलं पाहिजे, तीन वाट्यांना एक वाटी ह्या हिशेबाने. पर्याय असे आहेत. भाताचं तूस: हलकं आणि स्वस्त, पण वर्ष-दोन वर्षांत कुजून त्याचीच माती होते, पुन्हा घालावं लागतं. विटेचे तुकडे, वाटाण्याएवढे, भुकटी चाळून काढलेले: कायम टिकतात, पण जड. लाकडी कोळशाचे तुकडे: उत्तम, पण मिसळणाऱ्याचा अवतार बघण्यासारखा होतो. आणि पर्लाइट, एक दगड असतो, तो भट्टीत लाह्यांसारखा फुलवतात. पांढरं, अगदी हलकं, टिकाऊ. ह्यातलं काहीही रासायनिक नाही. झाडांना रासायनिक काही घालायचं नाही हा आमच्या ह्यांचा नियम, त्यात सगळं बसतं.

पण वरच्यावर भागणार नाही, आई. झाड पिंपातून बाहेर काढून, जुनी माती निम्मी तरी टाकून, उरलेल्या मातीत हे कालवावं लागेल. बाबांनी आणि तुम्ही मिळून केलं तर तासाभरात होईल. उन्हाळा तापण्याआधी करा.

मी जेवते. ताई वाढतच राहते, न जेवून सांगते कोणाला.

तुमची,
सून

२४ फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाण्याचं म्हणालीस ते ऐकलं. तो वीट सरकवायचा हे मला माहीत होतं, मी ती परत काढायचे. आता तांब्या तुळशीशीच थांबवते. सवय आहे, हात रिकामा वाटतो. पण ऐकते.

माती मात्र टाकायची नाही. पिंप उपडंही करायचं नाही. तुला वाटेल म्हातारी हट्टी आहे, पण चांगली माती कोणी फेकून देतं का? इतकी वर्षं घरातल्या भाजीच्या देठांचं, सालींचं खत करून त्याने ती तयार केली होती. मी ती कचऱ्याच्या गाडीत घालणार नाही. झाड जागच्या जागी ठेवून, कडेकडेने हळूच चार भोकं पाडून त्यात काही भरता येईल का, तेवढं सांग. मी स्वतः करीन. ह्यांच्या हातात खुरपं दिलं की हे पोस्टाची पोती उसवल्यासारखं करतात.

आणि पांढरं पाठवू नकोस. काळं चालेल, तांबडं चालेल. कोळसा पाठव किंवा विटेचे तुकडे. पांढरं काही त्या मातीत नको. ते दिसायला रासायनिक खतासारखं दिसतं, खालच्या मजल्यावरच्या बाई गच्चीवर कपडे वाळत घालायला येतात, त्या लगेच म्हणतील, पोरगा गेला आणि ह्यांनी खतं ओतायला सुरुवात केली. त्याला कोणी नावं ठेवलेली मला चालणार नाहीत.

पैशाची काळजी करू नकोस, जे लागेल ते मी मनिऑर्डरने पाठवीन.

आई

५ मार्च

ती. आईंना सा. नमस्कार.

तुमची मनिऑर्डर आली तर मी ती परत पाठवणार आहे आणि मग बाबांच्या जुन्या खात्याचीच भरती होईल. तेव्हा नको.

आई, मी तुमच्या सांगण्याविरुद्ध थोडं केलंय, आधी ऐकून घ्या. विटेचे तुकडे पाठवायचे तर गोणी होते. तिसऱ्या मजल्यावर ती कोण चढवणार? मागच्या वर्षी तुमची पाठ धरली होती तेव्हा उठवायला दोघं लागलो होतो, आता तिथे दोघं नाहीत. कोळसा ह्या महिन्यात आमच्याकडे आलेला नाही, तूसही दमट आलंय. म्हणून पर्लाइटच पाठवते आहे. उशीएवढी पिशवी, एका हाताने उचलाल. पांढऱ्या रंगाला घाबरू नका. खालच्या बाईंनी विचारलं तर सांगा, दगडाच्या लाह्या आहेत. एकच करा, मिसळताना आधी पाणी शिंपडा आणि नाकाला फडकं बांधा, त्याची धूळ छातीला वाईट.

कडेने भोकं पाडून काही होणार नाही, ते दुखणं आत आहे. तुम्हाला माती फेकवत नाही हे मी समजू शकते. दुधाची पिशवीही तुम्ही धुऊन वाळवून ठेवता. ठीक आहे, माती फेकू नका, सगळीच्या सगळी वापरा, पण मोकळी करून त्यात हे मिसळाच. तुम्ही करणार नाही असं वाटलं म्हणून बाबांना वेगळं कार्ड लिहिलंय, क्रमवार. त्यांना सूचना पाळायला आवडतं.

चिडलात तरी चालेल. झाड जगलं पाहिजे. तुम्ही इतक्या लांबून मला एवढं एकच काम सांगितलंय.

तुमची,
सून

१५ मार्च

सूनबाईस आशीर्वाद.

आलं ते असं: पर्लाइट एक पिशवी. कार्ड एक, ह्यांच्या नावाचं.

मंगळवारी मी देवाला गेले होते. तिथे कीर्तन होतं म्हणून बसले. परत आले तर हे गच्चीवर, नाकाला माझं जुनं पातळ बांधलेलं, हातात खुरपं आणि समोर सगळं झालेलं. झाड एका बाजूला आडवं, माती चादरीवर पसरून सगळीकडून कालवलेली. वरून खालपर्यंत पांढरं पांढरं. मला म्हणाले, बघ, कार्डात लिहिलंय अगदी तसं केलंय, तीनास एक, वाटीने मोजून. कौतुकाची वाट बघत उभे होते. मी चादरीशी खाली बसले.

मी तुला पांढरं नको म्हणून लिहिलं होतं. स्पष्ट अक्षरात लिहिलं होतं.

झालं ते झालं. आता काही पाठवू नकोस.

आई

६ एप्रिल

ती. आईंना सा. नमस्कार.

तुमच्या पत्रानंतर मी दोन पत्रं लिहून फाडली. फोन केला की बाबा म्हणतात, ती वर आहे. एवढा वेळ वर काय करता?

काल मी बाबांना खोदून विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मला कळलेलं नाही. म्हणाले, आई रोज जेवणं आटोपली की ताटात माती घेऊन बसते, चष्मा लावून, आणि तांदळातले खडे निवडावेत तशी त्यातलं पांढरं निवडते. एकेक कण. ताट झालं की दुसरं ताट. झाड पुन्हा लावलंय पण अर्ध्याच मातीत, बाकी माती चादरीत बांधून ठेवलीय आणि कोणाला हात लावू देत नाही. बाबांनी चुकलं का म्हणून विचारलं तर म्हणालात, नाही, तुमचं नाही. म्हणजे माझं चुकलं, हे मी समजले.

आई, रंग तुम्हाला इतका का लागला? मी तुमचं ऐकलं नाही म्हणून राग आहे का? की मी ते घर सोडून ताईकडे आले, त्याचा राग आहे आणि तो मातीवर निघतोय? तसं असेल तर तसं लिहा. मला तिथे राहवेना, आई. जिन्यात पावलांचा आवाज झाला की मी दार उघडायला उठायचे. तुम्ही मला जा म्हणालात आणि मी गेले, पण तुमच्या मनात काय होतं ते मी कधी विचारलं नाही.

आणि झाडाचं काय? उघडी मुळं, अर्धी माती, एप्रिलचं ऊन. असं ते टिकणार नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, ते गेलं तर पुन्हा तेच पाहावं लागेल?

मला उत्तर हवंय. बाबांकडून नको, तुमच्याकडून.

तुमची,
सून

१४ एप्रिल

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

राग नाही. तुझ्यावर तर मुळीच नाही. तू गेलीस तेव्हा मी दार लावून देवापुढे बसले आणि म्हटलं, एक तरी सुटली. हे खरं आहे, देवाशपथ.

आता लिहिते ते नीट बसून वाच. ताईसमोर वाचू नकोस.

नदीवर जाताना गाडीत मडकं माझ्या मांडीवर होतं. तुला आठवत असेल, गाडीत बसताना ह्यांनी ते माझ्याकडे दिलं. तू शेजारी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होतीस. फडकं सैल झालं होतं ते बांधायला म्हणून मी हात घातला, आणि बाहेर काढवेना. तो जन्मला तेव्हा असाच, एवढाच गरम लागला होता. मी ओंजळभर घेतला. राख आणि त्यात काही अस्थी, नखाएवढ्या. रुमालात बांधून कमरेला खोवला. नदीत तुम्ही सगळ्यांनी जे सोडलं, ते पूर्ण नव्हतं.

घरी आल्यावर कुठे ठेवू कळेना. देवघरात ठेवायचं धाडस झालं नाही. देवाला विचारलंही नाही, कारण तो काय म्हणेल ते ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे वर गेले आणि लिंबोणीच्या बुंध्याशी, वीतभर खाली पुरलं. रोजचा तांब्या आधीपासून होताच, पण मग त्यातलं पाणी त्याचं झालं. ते झाडाला नव्हतं गं. लहानपणी तो शाळेतून आला की आधी पाणी मागायचा, दप्तरही खाली ठेवायच्या आधी.

म्हणून माती टाकायची नव्हती. म्हणून उकरायची नव्हती. आणि म्हणून पांढरं नको होतं. काळ्यात, तांबड्यात मला तो ओळखता आला असता. वेळ आलीच तर मी हाताने बाजूला काढला असता. आता सगळीकडे पांढरं आहे आणि त्यातला तो कुठला आणि पिशवीतला कुठला हे मला कळत नाही. मी आई आहे आणि मला कळत नाही. निवडलेलं सगळं एका डबीत भरते. डबी देवापुढे ठेवली आहे, तिला दिवा लावते, कारण त्यातलं काही तरी त्याचं असेलच. ह्यांना म्हणाले, जपाचं काही आहे. त्यांनी विश्वास ठेवला.

केलं त्याची मला लाज वाटत नाही. भीती वाटते. सगळे म्हणतात काही मागे ठेवलं की माणूस अडकतो. मी त्याला अडकवलं का? आणि आता असा सगळीकडे पसरून टाकला का?

झाडाची पानं निम्मी गळली. तुझ्यापासून लपवत नाही.

आई

२० एप्रिल

ती. आईंना सा. नमस्कार.

पत्र मिळालं त्या दिवशी कामावर गेले नाही.

आई, मी झोपले नव्हते. मी डोळे मिटले होते, पण तुम्ही मडक्यात हात घातलात हे मला कळलं होतं. मला वाटलं, आई शेवटचा हात फिरवतेय, आपण बघायचं नाही. म्हणून मी डोळे उघडले नाहीत. तुम्ही काही घेतलंत हे मला आज कळतंय.

मला राग आला. लिहिते, कारण तुम्ही सगळं लिहिलंत. मी बायको होते. मला कोणी विचारलं नाही तुला काय हवंय. मी नदीवरून दोन रिकामे हात घेऊन आले. माझ्याकडे त्याचे दोन शर्ट आहेत, तेही ताईने धुऊन टाकले. तुम्ही मला त्या गाडीतच नुसतं कोपराने ढोसलं असतं तर मीही ओंजळ पुढे केली असती. इतके महिने तुम्ही रोज त्याच्याशी वर जाऊन बोललात, आणि मी तुम्हाला पाण्यावरून टोमणे मारत होते.

तो राग दोन दिवस पुरला. आता कामाचं लिहिते.

निवडत बसू नका. डोळ्यांनी होणार नाही. आई, पर्लाइट पाण्यावर तरंगतं. फुललेला दगड आहे, आत हवाच हवा. हाड तरंगत नाही, ते बुडतं. मोठं घमेलं घ्या, पाणी भरा, माती थोडी थोडी सोडा, हाताने हलकेच ढवळा आणि थांबा. पांढरं सगळं वर येईल, ते चहाच्या गाळणीने काढून घ्या. मग वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, फेकू नका, आणि तळाला राहील ते ताटात पसरून बघा. डबीतलंही तसंच सोडून बघा.

राख मात्र मिळणार नाही. ती मातीत आणि मातीतून मुळांत गेली. ती आता तुम्हाला कोणी परत देऊ शकत नाही, आणि लिंबोणीकडून कोणी काढूनही घेऊ शकत नाही. अडकला का विचारता, त्याचं उत्तर मला येत नाही. पण वर्षभर जो झाडातून वर चढतोय, त्याला अडकलेला म्हणायला माझी जीभ वळत नाही.

झाडासाठी तूस आलंय, कोरडं. विटेचे तुकडेही देते. तांबडे. आमच्या गाडीवाल्याला तिकडे फेरी आहे, तो तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवून देईल. मुळं काढाल तेव्हा काळी, मऊ झालेली कापून टाका, पांढरी आणि कडक तेवढी ठेवा. जुनी धुतलेली माती, खत, तूस आणि विटेचे तुकडे मिसळून लावा. पाणी एकदाच भरपूर, मग बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागल्याशिवाय नाही. सावलीत ठेवा.

आणि बाबांना सांगा. हे एकटीने करू नका.

तुमची,
सून

३ मे

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तूस एक गोणी आणि विटेचे तुकडे दोन पिशव्या, गाडीवाल्याने वर आणून दिले. चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. खर्चाच्या बाजूला काही मांडलं नाही.

ह्यांना सांगितलं. दुपारी जेवणानंतर, सुपारी कातरत होते तेव्हा. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही माझं वाक्य पुरं केलं नाही. अडकित्ता खाली ठेवला आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग एवढंच म्हणाले, "मी त्याला खुरप्याने उकरलं गं." मी म्हटलं, नाही हो, तुम्ही फार हलकेच केलंत, मी माती बघितली ना. मी ते बघितलं नव्हतं, पण म्हटलं. मग आम्ही दोघं वर गेलो.

तू लिहिलंस तसंच केलं. हे पाणी भरायचे, मी माती सोडायचे. आधी डबी उघडली. सूनबाई, डबीतलं सगळं वर आलं. एकही कण बुडाला नाही. इतके दिवस मी ज्याला दिवा लावला ते सगळं पिशवीतलं होतं. मला हसू आलं आणि मग काही वेळ ह्यांना मला धरून बसावं लागलं. हे म्हणाले, दिवा फुकट जात नाही, पत्ता चुकला तरी पोचतो. पोस्टातला माणूस, दुसरं काय म्हणणार.

मग माती. घमेल्यामागून घमेलं, ऊन उतरेपर्यंत. पांढरं काढून टाकत गेलो आणि शेवटी तळाशी बोटांना लागलं. पांढरं नव्हतंच गं ते. करडं, पिवळट, एका बाजूने थोडं काळं. मी चुकीचा रंग शोधत होते. हातात घेतल्यावर मात्र विचारावं लागलं नाही, ह्यांनाही नाही. थोडेच आहेत, माझ्या मुठीत मावतात. बाकी तू म्हणालीस तसं झाडात गेलं असेल. ते गढूळ पाणी आम्ही सगळ्या कुंड्यांना वाटून घातलं.

झाड लावलं. काळी मुळं बरीच निघाली, कापताना ह्यांनी तोंड फिरवलं, मी कापली. राहिली ती थोडी, पण कडक आहेत. तूस, तांबडे तुकडे, खत आणि त्याचीच धुतलेली माती. पाणी घातलं तर झरझर खाली उतरलं, खालच्या भोकातून बाहेर आलं. ते बघून बरं वाटलं. पण पान एकही उरलेलं नाही. वरच्या फांद्या मोडल्या की कट्कन वाजतात. बुंध्याला नखाने खरवडलं तर आत जरा हिरवं दिसतं. ह्यांना ते स्पष्ट दिसतं, मला दिसतं असं वाटतं. तुला खोटी आशा लावत नाही. जगेल की नाही मला माहीत नाही. तांब्या तुळशीशीच थांबतो.

आता एक राहिलं. जे मिळालं ते स्वच्छ धुऊन, पुसून, तुझ्या सासऱ्यांच्या धुतलेल्या रुमालात ठेवलंय. पिंप वरून चार बोटं रिकामं ठेवलंय, माती शेजारी बादलीत आहे. परत तिथेच ठेवायचं, की नदीत सोडायचं, की तुझ्याकडे पाठवायचं, हे मी ठरवणार नाही. माझ्या मनात काय आहे तेही लिहीत नाही. लिहिलं तर तू माझ्याकडे बघून तेच म्हणशील. ह्यांनाही मी विचारलेलं नाही आणि त्यांनीही सांगितलेलं नाही. गाडीत मी तुला ढोसलं नाही. आज ढोसते आहे. पहिला शब्द तुझा.

नदीत म्हणालीस तर आम्ही दोघं जाऊ, पण तू यावंस. तुला हवं असेल तर हे स्वतः घेऊन येतील, पार्सलने मी पाठवणार नाही. झाडात म्हणालीस तर तेही तू आल्यावरच. घाई करू नकोस, पण फार दिवसही लावू नकोस. सावलीत ठेवलंय तरी दुपारी वरच्या उघड्या मुळांवर ऊन येतं, मी ओलं फडकं घालून ठेवते आणि ते तासाभरात वाळतं.

तुझ्या मनात येईल ते, जसं येईल तसं लिही. उलट टपाली कळव.

तुझी,
आई